फोन बंद करण्याआधी: माणूस गेल्यावर त्याच्या फेसबुक-व्हॉट्सॲपचं काय करायचं

देवगड तालुक्यात माझं छोटंसं ई-सेवा केंद्र आहे. घरात कुणी गेलं की बारावं-तेरावं आटोपून माणसं माझ्याकडे येतात. हातात कापडी पिशवी, पिशवीत मृत्यूचा दाखला, सातबारा, बँकेचं पासबुक, विम्याचे कागद. पूर्वी एवढंच असायचं. गेली काही वर्षं पिशवीच्या तळाशी रुमालात गुंडाळलेला एक मोबाइलही असतो. "ह्येचा लॉक तेवढा खोलून दी रे," म्हणतात.

लॉक मी खोलून देत नाही. मला ते येतही नाही, आणि जो येतं म्हणतो त्याच्यापासून लांब राहिलेलं बरं. पण तो फोन समोर ठेवून मी त्यांना जे सांगतो, तेच इथे लिहितोय. गेल्या वर्षी आमचे आबाकाका गेले तेव्हा यातलं बरंचसं आमच्याच घरात करावं लागलं, त्यामुळे काही गोष्टी ऐकीव नाहीत.

सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या आठवड्याच्या आवराआवरीत होतं. शेजारच्या गावातली गोष्ट. वडील गेले, मुंबईहून थोरला आला. मुलगा व्यवस्थित. पाचव्या दिवशी त्याने वडिलांचं सिम परत करून नंबर बंद केला, उगाच रिचार्ज कशाला म्हणून. महिनाभराने आई म्हणाली, नातवाच्या बारशाचे फोटो यांच्या फोनात होते ते दाखव. फोटो गुगलच्या खात्यात, पासवर्ड कुणाला माहीत नाही, आणि नवा पासवर्ड घ्यायचा तर कोड त्याच बंद नंबरवर जाणार. तिघं भावंडं माझ्या समोरच्या बाकावर बसून राहिली. मी चहा मागवला, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

आजचा मोबाइल नंबर ही घराच्या सगळ्या कुलपांची एकच किल्ली आहे. फेसबुक, गुगल, व्हॉट्सॲप, बँक, आधार, सगळ्यांचे ओटीपी तिथेच येतात. म्हणून सिम सगळ्यात शेवटी. तोवर सगळ्यात स्वस्त रिचार्ज मारत राहा. नंतरही नंबर घरात ठेवायचा असेल तर मृत्यूचा दाखला आणि स्वतःची ओळखपत्रं दाखवून तो वारसाच्या नावावर करून घेता येतो. आंब्याच्या गिऱ्हाइकांकडे जो नंबर वर्षानुवर्षं आहे तो सोडायचा कशाला?

सोडलात तर काय होतं तेही ऐका. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्या कुणाला दिला जात नाही. त्यानंतर तो दिला जाऊ शकतो. व्हॉट्सॲपही हे धरून चालतं: ४५ दिवस निष्क्रिय असलेल्या नंबरावर कुणी दुसऱ्या फोनमध्ये नव्याने व्हॉट्सॲप सुरू केलं, तर जुन्या खात्याची माहिती काढून टाकली जाते. तुमच्या फोनात मात्र नाव 'बाबा' असंच राहतं. मग एक दिवस 'बाबा'च्या डीपीवर कुणा अनोळखी पोराचा बाइकवरचा फोटो दिसतो. तो धक्का मी माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलाय.

एक सूचना इथेच देऊन ठेवतो, कारण किल्लीचा विषय निघालाय. ओटीपी तुमच्या हातात येतो म्हणून बँकेतले पैसे तुमचे होत नाहीत. गेलेल्या माणसाच्या यूपीआयवरून किंवा एटीएममधून पैसे काढू नका. बँकेला कळवा आणि नॉमिनी म्हणून किंवा वारस म्हणून रीतसर मागा. भावंडांत पुढे होणारी निम्मी भांडणं इथे मिटतात.

आता फोन. तो चार्जिंगला लावा आणि बंद पडू देऊ नका. बऱ्याच घरांत बायकोचं किंवा मुलीचंही बोट नवऱ्याच्या, बापाच्या फोनात नोंदवलेलं असतं. आमच्या काकूचं होतं, आबांना दिसायचं कमी म्हणून. पण फोन एकदा बंद होऊन सुरू झाला की तो बोट स्वीकारत नाही, पिन मागतो. अँड्रॉइड फोन तर चालू असतानाही साधारण ७२ तासांत एकदा पिन मागतोच. म्हणजे तुमच्याकडे दोन-तीन दिवसच आहेत असं धरून चाला. आमच्याकडे दिवसाच्या चौथ्या प्रहरी, माणसं भेटायला येऊन गेल्यावर, काकूने माजघरात बसून फोन उघडून दिला आणि पुतणीने केबल लावून सगळे फोटो लॅपटॉपवर आणि एका पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. सुतकात हे काय चाललंय असं कुणीतरी म्हणालंच. म्हणू दे. पिन माहीत नसेल तर अंदाजाने आकडे मारत बसू नका. आयफोन तर थोड्या चुकांनंतर कायमचा अडून बसतो.

बायकोने असा फोन उघडणं गुन्हा आहे का, हे मला दर वेळी कुणीतरी विचारतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६सी अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने दुसऱ्याचा पासवर्ड वापरण्याबद्दल आहे, आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड. घरचे फोटो उतरवून घेणारी बायको त्यात बसत नाही असं माझं मत. पण त्याच खात्यातून त्याच्या नावाने लिहिणं, लोकांशी तो असल्यासारखं बोलणं, हे करू नका. कंपन्यांच्या अटींत ते बसत नाहीच, आणि समोरच्याच्या काळजाचं काय होईल याचाही विचार करा.

सातबारा वेगळा, पास वेगळा

कोकणात पणजोबांचं नाव अजून सातबाऱ्यावर असतं, खाली चाळीस वारस, आणि कलमं कुणी राखायची यावरून तीन पिढ्या अबोला. त्यामुळे आपल्या माणसांना वाटतं की फेसबुकचीही कुठेतरी वारस नोंद होत असेल, फेरफार निघत असेल. तसं नाही. जमीन ही मालमत्ता आहे. फेसबुकचं खातं हे एसटीच्या पासासारखं आहे. पास ज्याच्या नावाचा, फोटो ज्याचा, त्यानेच प्रवास करायचा. तो गेला म्हणून मुलगा त्या पासावर गाडीत बसू शकत नाही. म्हणूनच कुठलीही कंपनी तुम्हाला गेलेल्या माणसाचा पासवर्ड देत नाही. दाखला दाखवा, वकील आणा, काही करा.

पण गाडीत फळीवर ठेवलेली बॅग त्याची होती, आणि ती वारसांची. त्याने काढलेले फोटो, लिहिलेल्या गोष्टी, दशावतारावरचे त्याचे लांबलचक लेख, यांचा कॉपीराइट भारतीय कायद्याने मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांकडे राहतो. अडचण एवढीच की गाडीत चढता येत नाही आणि बॅग गाडीत आहे.

ही अडचण जर्मनीत थेट सर्वोच्च पातळीच्या न्यायालयात गेली. २०१२ साली बर्लिनमध्ये १५ वर्षांची एक मुलगी भुयारी रेल्वेखाली गेली. अपघात की आत्महत्या, आईवडिलांना जाणून घ्यायचं होतं. मुलीचा फेसबुकचा पासवर्ड आईकडे होता. पण मुलगी गेल्याचं कुणीतरी आधीच कळवलं होतं, खातं स्मृती-खात्यात (म्हणजे फक्त आठवण म्हणून गोठवून ठेवलेल्या खात्यात) बदललं होतं, आणि बरोबर पासवर्ड टाकूनही आत जाता येईना. खटला चालला. १२ जुलै २०१८ रोजी तिथल्या संघीय न्यायालयाने निकाल दिला की पत्रं आणि रोजनिशी जशी वारसांकडे जाते तसंच हे खातंही जातं. सहा वर्षं गेली. तो निकाल तिथला, आपल्याला लागू नाही. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या समाजमाध्यमांवरच्या खात्यांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात कलम १४ खाली, आपल्या पश्चात आपल्या माहितीबाबतचे हक्क कुणी बजावायचे त्याचं नाव नेमण्याची सोय ठेवलीय, ती अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. तीही जिवंतपणी नाव नेमलं असेल तरच.

बर्लिनच्या त्या गोष्टीतला मधला भाग पुन्हा वाचा. पासवर्ड होता, तरी दार बंद झालं, कारण कुणीतरी घाईने कळवलं होतं.

आबांच्या वेळी हेच होता होता राहिलं. तिसऱ्या दिवशी बोरिवलीच्या पुतण्याने चांगल्या मनाने विचारलं, "दादा, आबांच्या फेसबुकवर ते 'स्मरणार्थ' करून टाकू का? फॉर्म सोपा आहे." मी म्हटलं, थांब. आबांचं आंब्यांचं पेज त्यांच्याच खात्यावरून चालायचं. फेसबुकचा नियम असा की पेजचा एकमेव ॲडमिन गेला आणि त्याचं खातं रीतसर स्मृती-खातं झालं, तर ते पेजही काढून टाकलं जातं. आधी पाहिलं. नशीब, लॉकडाउनमध्ये पेटीचे भाव टाकायला आबांनी सुनेला ॲडमिन करून ठेवलं होतं. तारकर्लीपासून दापोलीपर्यंत जेवढी घरगुती हॉटेलं, होमस्टे, मसाले-कोकमवाले फेसबुकवर धंदा करतायत, त्यांनी आजच बघावं की पेजवर दुसरं कुणी ॲडमिन आहे का. एकच नाव असेल तर तो धंदा एका माणसाच्या श्वासावर चालू आहे.

फेसबुकवर करायचं काय

तीन वाटा आहेत. काहीच न करणं, स्मृती-खातं करणं, किंवा कायमचं काढून टाकणं.

काहीच न करणं सोपं वाटतं, पण मग दर वर्षी वाढदिवसाला फेसबुक सगळ्यांना आठवण करतं आणि ज्यांना बातमी कळलेली नाही ते भिंतीवर 'जीवेत शरदः शतम्' लिहून जातात. खाली आणखी चौघं केक चिकटवतात. काकूने ते वाचलं असतं तर काय झालं असतं, देव जाणे.

स्मृती-खातं झालं की नावाशेजारी 'स्मरणार्थ' अशा अर्थाचा शब्द येतो, वाढदिवसाची आठवण जाणं थांबतं, 'ओळखता का' म्हणून ते कुणाला सुचवलं जात नाही, आणि कुणालाही आत शिरता येत नाही, म्हणजे हॅक करून पैसे मागण्याचा धोकाही जातो. जुने फोटो आणि पोस्ट ज्यांना आधी दिसायचे त्यांना दिसत राहतात. यासाठी मृत्यूचा पुरावा लागतो: मृत्यूचा दाखला किंवा वर्तमानपत्रातली निधनवार्ता चालते.

आबांनी जिवंतपणी कुणाला 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमलं असतं तर आणखी काही करता आलं असतं. ही सोय २०१५ पासून आहे. हा नेमलेला माणूस वर एक पोस्ट लावून ठेवू शकतो, डीपी बदलू शकतो, मैत्रीच्या विनंत्या स्वीकारू शकतो, खातं काढून टाका म्हणून सांगू शकतो. मेसेज वाचू शकत नाही. मला ते फार योग्य वाटतं.

काढून टाकायचं असेल तर जवळच्या नातेवाइकाने मागणी करायची, सोबत दाखला. इथे एक कोकणी घोळ आहे. दाखल्यावर नाव पूर्ण, तीन पदरी; फेसबुकवर मात्र 'आबा देवगडकर' नाहीतर 'मालवणी वाघ'. बायकांचं तर दाखल्यावर सासरचं नाव आणि फेसबुकवर माहेरचं. कंपनीतल्या माणसाला हा एकच जीव आहे हे कळणार कसं? म्हणून प्रोफाइलची लिंक नीट कॉपी करून द्या आणि आधारवरचा फोटो, जन्मतारीख असं जुळणारं काहीतरी जोडा. महाराष्ट्रातला दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत असतो, त्यामुळे भाषांतराची कटकट नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करा, आणि दाखल्याच्या प्रती जास्त घ्या. हा कागद पुढे वीस ठिकाणी लागतो.

इन्स्टाग्रामचंही असंच, स्मृती-खातं किंवा कायमचं बंद. एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) स्मृती-खातं वगैरे नाही, घरच्यांच्या मागणीवरून ते खातं बंद करतात. लिंक्डइनवर दोन्ही होतं, पण आमच्या तालुक्यातून लिंक्डइनसाठी आजवर कुणी आलेलं नाही.

व्हॉट्सॲपवर थोडं थांबतो, कारण खरा संसार तिथे असतो. तिथे स्मृती-खातं नाही, लेगसी कॉन्टॅक्ट नाही, आणि मेसेज कंपनीलाही वाचता येत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे मागून काही मिळत नाही. जे आहे ते फोनात. खातं १२० दिवस वापरलं गेलं नाही तर साधारणपणे काढून टाकलं जातं, आणि मग सगळ्या ग्रुपांत 'बाहेर पडले' अशी ओळ दिसते. घरच्या ग्रुपात ती ओळ उमटते तेव्हा माणूस दुसऱ्यांदा गेल्यासारखं होतं. घरातल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप उघडं असेल तर फोन १४ दिवसांहून जास्त बंद राहिला की तेही तुटतं. म्हणजे तेराव्याच्या जेवणाची भांडी घासून होतात न होतात तोच. फोन उघडत असेल तर हव्या त्या गप्पा 'एक्सपोर्ट चॅट' करून स्वतःला मेल करा. आवाजाचे मेसेज विसरू नका. लोक फोटोंच्या मागे धावतात. सहा महिन्यांनी सगळ्यात जास्त आठवतो तो आवाज.

आणि काय वाचायचं नाही, हेही ठरवा. आमच्याकडे पुतणीने फक्त घरचा ग्रुप आणि गिऱ्हाइकांची यादी काढली. बाकी चॅट कुणी उघडल्या नाहीत. आबांनी कुणाला काय लिहिलं होतं ते त्यांचं, आणि ज्यांनी त्यांना लिहिलं त्यांचंही. काही घरांत उधारीचे हिशेब चॅटमध्येच असतात, तिथे बघावं लागतं. मग दोघांनी मिळून बघा, एकट्याने नको.

गुगलचं खातं दोन वर्षं वापरात नसेल तर ते आतल्या फोटो-मेलसकट काढून टाकण्याचं धोरण २०२३ च्या डिसेंबरपासून अमलात आहे. गेलेल्या माणसाचं खातं बंद करणं, त्यातली काही माहिती मागणं, किंवा यूट्यूबची कमाई अडकली असेल तर ती मागणं, यासाठी गुगलचा वेगळा अर्ज आहे. माहिती देतीलच असं नाही. ॲपलचा फोन असेल आणि त्याने आधी 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमला असेल तर त्या माणसाकडची खास किल्ली ('ॲक्सेस की') आणि मृत्यूचा दाखला यावर तीन वर्षं माहिती बघता येते, पासवर्ड मात्र मिळत नाहीत.

चोरांचंही सांगून ठेवतो. नाक्यावर श्रद्धांजलीचा बॅनर लागतो, फेसबुकवर फोटो फिरतो, आणि कुणीतरी त्याच फोटोचं दुसरं प्रोफाइल काढून दुबईतल्या मित्राकडे पैसे मागतो. घरच्या कुणीतरी एकाने 'हे खातं खरं, दुसरं खोटं' असं स्वतःच्या नावाने लिहून टाकावं, बनावट खात्याची तक्रार करावी, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करावा. "विम्याची रक्कम आलीय, ओटीपी सांगा" म्हणणारा फोनही याच दिवसांत येतो. बॅनरवर घरचा नंबर छापू नका.

गणपतीत पाच दिवस

हे सगळं माणूस गेल्यावर करण्यापेक्षा आधी करणं किती सोपं आहे! आमच्याकडे चाकरमानी गणपतीला येतात तेव्हा सगळं घर एकत्र असतं, तोच मुहूर्त. आरती झाली की पंधरा मिनिटं. फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट्स सेंटर उघडून, खात्याची मालकी आणि नियंत्रण असा जो भाग आहे तिथे लेगसी कॉन्टॅक्ट नेमा, किंवा 'मी गेल्यावर काढून टाका' हे निवडा. गुगलमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे: ३, ६, १२ की १८ महिने खातं शांत राहिलं की कळवायचं ते ठरवा, आणि दहापर्यंत माणसांची नावं द्या. कुणाला फक्त फोटो, कुणाला मेल, हेही ठरवता येतं. तुम्ही गेल्याचं गुगलला कुणी सांगायचीही गरज उरत नाही.

फोनचा पिन एका वहीत लिहा आणि वही सातबारा असतो त्या ट्रंकेत ठेवा. मृत्युपत्रात पासवर्ड लिहू नका, ते पुढे चार लोक वाचतात. 'खात्यांचा तपशील अमक्या वहीत' एवढं पुरे. आणि मृत्युपत्र मोबाइलवर टाइप करून ठेवलंय म्हणाल तर ते चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याने मृत्युपत्राला इलेक्ट्रॉनिक कागदांतून वगळलंय, त्यामुळे ते कागदावरच हवं, सही आणि दोन साक्षीदारांसह.

यंदा गणपतीत मी काकूचा फोन घेऊन बसलो. आबांचं खातं आता स्मृती-खातं झालंय, डीपीवर ते पेटीवर हात ठेवून उभे आहेत, तसेच ठेवलेत. नंबर काकूच्या नावावर आहे आणि एप्रिलमध्ये पुण्याहून फोन येतात. मी विचारलं, काकू, तुझ्या पश्चात तुझ्या फेसबुकचं कोण बघणार, सून की पुतणी?

"कोण नको," ती म्हणाली, हातातलं मोदकाचं पीठ पुसत. "माझा सगळा पुसून टाक. खाज्याची रेसिपी तेवढी सुनेक दी."

मी पुसून टाकण्याचा पर्याय निवडला. रेसिपी सुनेने त्याच संध्याकाळी वहीत उतरवून घेतली.